एन-९५ घालूनही थिनरचा वास का येतो, आणि मग पेंट शॉपला कोणता फिल्टर घ्यायचा

प्रश्न थोडक्यात असा: भोसरीला छोटं पेंट शॉप आहे, ट्रॅक्टर-ट्रेलरचे पार्ट पीयू (पॉलियुरेथेन) पेंट मारून देतो, दोन बूथ, चार पेंटर, आणि एक जण बाहेर शेडमध्ये ग्राइंडिंग-सँडिंगला. सगळ्यांना एन-९५ दिलेत तरी थिनरचा वास येतोच, संध्याकाळपर्यंत डोकं धरतं. दुकानदार म्हणतो दोन डब्यांचा मास्क घ्या, सगळ्याला चालतो. घेऊ का? आणि एक फिल्टर किती दिवस जातो?

भाऊ, सगळ्याला चालतो असा फिल्टर अजून कोणी बनवलेला नाही. मी वीसेक वर्षं सेफ्टीत आहे, सुरुवात शिरोलीच्या फाउंड्रीत झाली आणि नंतरची बरीच वर्षं चाकण पट्ट्यातल्या पेंट शॉपमध्ये गेली, आणि "सगळ्याला चालतो" हे वाक्य मी प्रत्येक दुकानात ऐकलंय. तुमच्या शॉपमध्येच तीन वेगळ्या गोष्टी हवेत आहेत आणि तिघींना तीन वेगळी उत्तरं आहेत.

आधी वासाचं बघू. चहा गाळताना गाळणीत पावडर अडते, वास अडतो का? एन-९५ म्हणजे गाळणी. धूळ, धूर, पेंटचे उडालेले थेंब असलं जे कणाच्या रूपात आहे ते अडवतो, आणि चांगलं अडवतो, कारण त्याच्या कापडाच्या धाग्यांवर विजेचा भार बसवलेला असतो, कण नुसता भोकात अडकत नाही तर ओढला जातो. पण थिनरची वाफ म्हणजे कण नाही, ती हवेत विरघळल्यासारखी मिसळलेली असते, कापडातून सरळ पार. त्यामुळे तुमचे एन-९५ खराब आहेत असं नाही, ते त्यांचं काम करतायत, तुम्ही त्यांना दिलेलं काम त्यांचं नाही. एन-९५ मध्ये पण कोळशाचा पातळ थर दिलेले करड्या रंगाचे मास्क मिळतात, ते वासाचा त्रास कमी करायला असतात, शिफ्टभर स्प्रे मारायला नाही, दुकानदार काही का सांगेना.

आता नंबरांचा गोंधळ एकदाच मिटवून टाकू. अमेरिकन पद्धतीत एन, आर, पी अशी अक्षरं आणि ९५, ९९, १०० असे आकडे. आकडा म्हणजे सगळ्यात चकवणारे कण, साधारण ०.३ मायक्रॉनचे, ते किती टक्के अडतात. अक्षर तेलासाठी. एन म्हणजे तेलाचा फवारा असेल तिथे नको, आर थोडा टिकतो, पी टिकतो. तेलाच्या धुक्यात एन-९५ चा तो विजेचा भार उतरतो आणि मास्क दिसायला नवाकोरा पण आतून नुसतं कापड. सीएनसी मशीनवर कूलंटचं धुकं असतं तिथे लोक एन-९५ देतात तेव्हा मला हे सांगावं लागतं. धुतल्यावर पण तेच होतं, आणि सॅनिटायझर मारल्यावर तर नक्कीच. त्यामुळे एन-९५ धुवायचा नाही, मळला की फेकायचा. युरोपियन पद्धतीत एफएफपी१, एफएफपी२, एफएफपी३ आहेत, साधारण ८०, ९४ आणि ९९ टक्के, आणि आपला आयएस ९४७३ त्याच वळणाचा. विकत घेताना आयएसआय मार्कखाली सीएम/एल नंबर, म्हणजे परवान्याचा नंबर, असतो तो बीआयएस केअर ॲपमध्ये टाकून बघा, अर्धा मिनिट लागतो. अमेरिकन असेल तर मास्कवर टीसी-८४ए ने सुरू होणारा नंबर पाहिजे. कोविडनंतर कानात अडकवायच्या मास्कचे गठ्ठे बाजारात पडलेत, कारखान्यात मागे दोन पट्टे असलेलाच घ्या, कानातल्या दोरीने चेहऱ्याला दाब बसत नाही.

वाफेसाठी लागतो तो डबा, म्हणजे कार्ट्रिज. आत सक्रिय कोळसा, बरेचदा नारळाच्या करवंटीचाच. कोळशाच्या दाण्यात इतकी बारीक भोकं असतात की थिनरची वाफ त्यांच्या भिंतींना चिकटून राहते. पण कोळसा सगळ्यांशी सारखं वागत नाही. टोल्युइन, झायलीन, ब्युटाइल ॲसिटेट, हे जड गडी, ते धरून ठेवतो. ॲसिटोन, मेथॅनॉल, पेंट काढायच्या रिमूव्हरमधलं मिथिलीन क्लोराइड, हे हलके, लवकर सुटतात. अमोनिया साध्या कोळशावर जवळजवळ थांबतच नाही, त्याला वेगळं रसायन चोळलेला कोळसा लागतो. आणि कार्बन मोनॉक्साइडला तर साधा कोळसा ओळखतसुद्धा नाही.

म्हणून डब्यावर रंग आणि अक्षर असतं, आणि इथेच सगळ्यात मोठी गंमत आहे, गंमत कसली, माझ्या अंगाशी आलेली. युरोपियन पद्धतीत, आपला आयएस १५३२३ पण तसाच, तपकिरी म्हणजे ए, सेंद्रिय वाफा, करडा म्हणजे बी, क्लोरीनसारखे गॅस, पिवळा म्हणजे ई, सल्फर डायऑक्साइड वगैरे, हिरवा म्हणजे के, अमोनिया, आणि पांढरा म्हणजे नुसती धूळ. अमेरिकन पद्धतीत सेंद्रिय वाफेचा काळा, आम्लाच्या गॅसचा पांढरा, दोन्ही एकत्र असेल तर पिवळा, आणि जांभळट म्हणजे पी-१००. नीट वाचा, अमेरिकेचा पांढरा आम्लाचा आणि युरोपचा पांढरा धुळीचा. एका कारखान्यात पिकलिंगच्या, म्हणजे आम्लात गंज उतरवायच्या, टाकीवर, हायड्रोक्लोरिक ॲसिडवर, आम्ही कितीतरी दिवस अमेरिकन पांढरे वापरत होतो. पर्चेसने स्वस्त पडतो म्हणून मास्कसकट ब्रँड बदलला, इंडेंटवर, म्हणजे मागणीच्या कागदावर, स्टोअरने लिहिलं होतं "फिल्टर, पांढरा", आणि आले युरोपियन पांढरे. सही माझी होती. दुसऱ्या दिवशी टाकीवरचा माणूस खोकत खोकत ऑफिसात आला, साहेब ह्या नवीन मास्कमध्ये आंबट लागतंय म्हणाला. आंबट लागलं म्हणून कळलं तरी. तेव्हापासून इंडेंटवर रंग लिहायचा नाही, अक्षर आणि क्लास लिहायचा, आणि समोर केमिकलचं नाव.

क्लास म्हणजे १, २, ३. गॅसच्या डब्यावर ए१, ए२ असं लिहिलेलं असतं, तो आकडा कोळसा किती मावतो त्याचा. धुळीच्या बाजूला पी१, पी२, पी३, तो किती गाळतो त्याचा. ए२पी३ लिहिलं असेल तर सेंद्रिय वाफ मध्यम क्षमतेची आणि कण सगळ्यात वरच्या दर्जाचे. ६५ अंशाखाली उकळणाऱ्या हलक्या सॉल्व्हंटला एएक्स नावाचा वेगळा डबा असतो, तो एकदाच वापरायचा.

आता तुमच्या शॉपला येऊ. स्प्रे मारताना वाफ पण असते आणि थेंब पण, म्हणून नुसता ए चालणार नाही आणि नुसता एन-९५ पण नाही, दोन्ही एकत्र, ए२पी२ किंवा ए२पी३, डब्यावर बाहेरून प्री-फिल्टर. प्री-फिल्टर रोज बदलायचा, तो स्वस्त असतो, ओव्हरस्प्रे, म्हणजे पार्टवर न बसता उडालेला रंग, त्याच्यावर बसला तर महागडा डबा वाचतो. नुसता एनसी (नायट्रोसेल्युलोज) किंवा साधा सिंथेटिक एनॅमल मारत असता तर इथेच उत्तर संपलं असतं.

पण तुम्ही पीयू मारता. पीयू म्हणजे दोन डबे, बेस आणि हार्डनर. हार्डनरचा डबा उचला आणि बारीक अक्षरात आयसोसायनेट हा शब्द शोधा, सापडणारच. ही चीज वेगळी आहे. हिचा वास नाकाला कळतो तोपर्यंत हवेतलं प्रमाण धोक्याच्या रेषेच्या पुढे गेलेलं असतं. अंदाज यावा म्हणून सांगतो, १९४८ च्या फॅक्टरीज ॲक्टच्या दुसऱ्या शेड्युलमध्ये टोल्युइनची आठ तासांची मर्यादा १०० पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत शंभर भाग, होती आणि टोल्युइन डायआयसोसायनेटची ०.००५ पीपीएम. वीस हजार पटीचा फरक. तुमच्या हार्डनरमध्ये बहुधा त्याचा चुलतभाऊ असेल, हेक्झामिथिलीनवाला, पण घराणं तेच. ह्याने दमा लागतो, आणि एकदा शरीराला ॲलर्जी बसली की मग चिमूटभर पण पुरतं, मास्क कितीही भारी द्या, त्या माणसाला पेंट शॉपमधून बाहेरच काढावं लागतं. एक जुना पेंटर होता आमच्याकडे, हात असा की पार्टवर एक ओघळ दिसायचा नाही. त्याला रात्री दोनला खोकला यायचा, छाती घट्ट व्हायची, दिवसा काही नाही, त्यामुळे वर्षभर तो आणि घरचे धरून चालले की गादीची ॲलर्जी आहे, गादी बदलली, उशी बदलली. शेवटी कामाचा इतिहास विचारणारा डॉक्टर भेटला तेव्हा उलगडा झाला. गडी आता डिस्पॅचला आहे.

म्हणून टू-के, म्हणजे अशा दोन डब्यांच्या, पीयूच्या स्प्रेला माझं उत्तर एअरलाइन. म्हणजे फिल्टरने हवा गाळण्याऐवजी बाहेरून स्वच्छ हवा नळीने हुडमध्ये सोडायची. खर्च ऐकून दचकू नका, दोन बूथला दोन हुड आणि एक फिल्टर पॅनल, गनसाठी कॉम्प्रेसर तुमच्याकडे आहेच. फक्त तो कॉम्प्रेसर आहे तसा श्वासाला जोडायचा नाही. तेलावर चालणारा कॉम्प्रेसर तापला की तेल जळून कार्बन मोनॉक्साइड तयार होऊ शकतो, आणि हवा ओढायचं तोंड डीजी सेटच्या (डिझेल जनरेटरच्या) धुराड्याशेजारी असेल तर विचारूच नका. श्वासाच्या हवेत मोनॉक्साइड १० पीपीएमच्या आत आणि तेलाचं धुकं ५ मिलीग्रॅम प्रति घनमीटरच्या आत पाहिजे, आणि मोनॉक्साइडचा अलार्म लावायचा. इनटेक शेडच्या बाहेर, उंचावर. एअरलाइन येईपर्यंत फुल फेस मास्कला ए२पी३ लावून, दर शिफ्टला डबा बदलून दिवस काढता येतील, पण तो तात्पुरता इलाज आहे हे धरूनच. बॅटरीवाला ब्लोअर मास्क कोणी सुचवला तर बूथच्या आत स्फोटक वाफ असते हे लक्षात ठेवा, इंट्रिन्सिकली सेफ, म्हणजे वाफ पेटवेल अशी ठिणगी न पडणारा, असं लिहिलेलं नसेल तर बूथमध्ये न्यायचा नाही.

किती दिवस जातो? धुळीचा फिल्टर स्वतः सांगतो, भरला की श्वास ओढायला जड जातो, माणूसच कुरकुरतो. गॅसचा डबा मुका. भरला तरी श्वासाला तितकाच हलका. त्यामुळे "वास आला की बदलू" ही पद्धत पहिल्या दिवसापासून चुकीची, कारण वास आला म्हणजे तुम्ही घ्यायला लागलात, आणि आयसोसायनेटचा तर धोक्याची रेषा ओलांडेपर्यंत येणारच नाही. ढोबळ आडाखा असा आहे: सॉल्व्हंट ७० अंशाच्या वर उकळणारं असेल आणि हवेत २०० पीपीएमपेक्षा कमी असेल तर साधारण कामाला डबा आठेक तास धरतो. काम अंगमेहनतीचं असेल, श्वास दुप्पट चालत असेल, तर वेळ निम्मी. हवेत दमटपणा ८५ टक्क्यांच्या वर गेला तर परत निम्मी, कारण कोळशाच्या भोकांत पाणीच जाऊन बसतं. लोटे-महाडकडे जुलै-ऑगस्टमध्ये मी उन्हाळ्याचं वेळापत्रक तसंच चालवलेलं बघितलंय, तिथे चार तास धरले तरी जास्तच. मोठ्या कंपन्यांच्या साइटवर सर्व्हिस लाइफचा कॅल्क्युलेटर असतो, थिनरच्या डेटा शीटवरून घटक भरा, पण हवेतलं प्रमाण मोजलेलं असेल तरच त्याला अर्थ. एकदा पैसे खर्चून हायजीनवाल्याकडून, म्हणजे कारखान्यातली हवा तपासणाऱ्याकडून, बूथमधली हवा मोजून घ्या, तेही जमत नसेल तर काचेच्या डिटेक्टर ट्यूब आणि हातपंप, रंग किती चढला त्यावरून अंदाज तरी येतो.

दुसरी गोष्ट, डबा रात्रीत बिघडतो. तुमच्या थिनरमध्ये ॲसिटोन असेल, आणि स्वस्त थिनरमध्ये मेथॅनॉल पण निघतं, तर आज पकडलेली वाफ रात्रभरात कोळशातून आतल्या बाजूला सरकते आणि सकाळी पहिल्याच श्वासाला तोंडात. म्हणून असं थिनर असेल तर शिफ्ट संपली की डबा संपला. जड सॉल्व्हंट असेल तर पेंटरचे गन चालवायचे तास मोजा, आठ तास भरले की बदला, डब्यावर उघडल्याची तारीख मार्करने लिहा, आणि काम झालं की झिपच्या पिशवीत बंद करून बूथच्या बाहेर कपाटात. बहुतेक शॉपमध्ये मास्क कुठे असतो माहितीये? बूथच्या खांबावर खिळ्याला, तोंड वर करून. चहाला गेलेला माणूस परत येईपर्यंत डबा वाफ पीत बसलेला असतो आणि कटोरीच्या आत लाल प्राइमरचा नाजूक थर. बोट फिरवून बघा तुमच्याकडे.

मास्क चेहऱ्याला बसलाय का हे डब्याइतकंच महत्त्वाचं, खरं तर जास्त. हाफ मास्क, म्हणजे नुसतं नाक-तोंड झाकणारा, नीट बसला तर आतलं प्रमाण बाहेरच्या दहाव्या हिश्श्यापर्यंत आणतो, फुल फेस पन्नासाव्या, पण "नीट बसला" हे तुम्हाला तपासावं लागतं. पेंटरसाठी सोपी टेस्ट आहे, केळ्याच्या वासाचं तेल, आयसोअमाइल ॲसिटेट. ए डबा लावून माणसाला उभं करा, डोक्याभोवती ते फिरवा, मान वळवायला लावा, बोलायला लावा. पिकल्या केळ्याचा वास आला तर हवा कडेने आत येतेय. एकाच साइजचे मास्क डझनावारी घेतले तर चारपैकी एकाला तरी वास येतोच. एन-९५ वाल्यासाठी सॅकरीनचा फवारा असतो, जिभेवर गोड लागलं की नापास. आणि रोज घालताना डब्यांवर तळवे ठेवून श्वास ओढायचा, कटोरी गालाला चिकटून राहिली पाहिजे.

दाढीचं बोलायलाच हवं. हल्ली पोरांना महाराजांसारखी दाढी हवी असते, आणि श्रावण लागला की अर्धी शॉप वस्तरा लावत नाही. मी कोणाच्या श्रद्धेवर बोलत नाही, पण रबर आणि कातडी यांच्यामध्ये दोन दिवसांचे खुंट आले तरी सील गेलं. त्यावर भांडून उपयोग नसतो, मी भांडून बघितलंय. एअरलाइनच्या सैल हुडला सील लागत नाही, दाढी राहते, चष्मा राहतो, हा त्याचा आणखी एक फायदा. दुसरा शत्रू तंबाखू. ओठात बार धरलेला माणूस दर दहा मिनिटांनी मास्क खाली ओढून थुंकणार. हिशोब करा, शिफ्टची ४८० मिनिटं, दर वेळी एक मिनिट धरलं तर त्यातली ४८ मिनिटं मास्क गळ्यात. दहाव्या हिश्श्याचा मास्क असूनही दिवसाअखेर माणसाने न काढणाऱ्याच्या जवळजवळ दुप्पट घेतलेलं असतं. यापेक्षा भारी फिल्टर आणून काही फरक पडत नाही, दर तासाला बूथबाहेर पाच मिनिटं सुट्टी दिलेली जास्त उपयोगी.

ग्राइंडिंगवाल्याला वाफेचा डबा नकोच, उगाच डोक्याला जड. साध्या एमएसला (माइल्ड स्टीलला) एफएफपी२ किंवा एन-९५ पुरतो. पण जुने पार्ट रिपेंटला येत असतील तर जुन्या रंगात शिसं, क्रोमेट असू शकतं, तिथे आणि स्टेनलेसच्या ग्राइंडिंग-वेल्डिंगला हाफ मास्क आणि पी३, किंवा पी-१००. गॅल्व्हनाइज्डवर वेल्डिंग करून रात्री थंडी वाजून ताप येतो तो झिंकच्या धुराचा, मलेरिया समजून गोळ्या घेणारे बघितलेत मी. फाउंड्रीत फेटलिंगला, म्हणजे ओतकाम साफ करताना, वाळूची धूळ असते, तिने फुप्फुसाला होणारा सिलिकोसिस परत फिरत नाही, तिथे पण पी३ आणि सोबत पाणी मारणं. तुमच्याकडे तो प्रश्न नाही म्हणून थांबतो.

एक मात्र तुमच्याकडेही असू शकतं. पाण्याच्या पडद्याचा बूथ असेल तर त्याच्या खालची गाळाची टाकी साफ करायला माणूस उतरवता का? तिथे कुठलाच फिल्टर चालत नाही. फिल्टर हवा साफ करतो, ऑक्सिजन तयार करत नाही, १९.५ टक्क्यांच्या खाली गेला की फिल्टरचा मास्क म्हणजे नुसतं ओझं. सडलेल्या गाळातून हायड्रोजन सल्फाइड निघतो, तो सुरुवातीला सडक्या अंड्यासारखा येतो आणि १०० पीपीएमच्या आसपास नाकच बधिर करतो, मग वाटतं गेला गॅस. आधी मीटर सोडायचा, ब्लोअर लावायचा, वर एक माणूस दोरीसकट, आणि दुसऱ्याला वाचवायला कोणी उडी मारायची नाही.

आणि डोकेदुखीचं म्हणाल तर मला शंका वेगळीच आहे. गन कुठे धुता? बहुतेक ठिकाणी उघड्या बादलीत थिनर, कोपऱ्यात, हात कोपरापर्यंत आत, आणि तेव्हा मास्क काढलेला असतो कारण पेंटिंग तर संपलं. पेंट मिक्सिंगपण तिथेच. बादलीला झाकण, मिक्सिंगच्या टेबलापाशी ओढणारा पंखा, आणि बूथच्या एक्झॉस्टचे चोंदलेले फिल्टर बदला, एवढं केलं तर मास्कचं निम्मं काम कमी होईल. एक्झॉस्ट चालू आहे का बघायला साधा टिश्यू पेपर जाळीसमोर धरा, चिकटला पाहिजे.

डबे मागवण्याआधी थिनर आणि हार्डनर दोन्हींची डेटा शीट पुरवठादाराकडून मागून घ्या, देत नसेल तर पुरवठादार बदला. आणि आज संध्याकाळी चौघांना एकेकटं गाठून विचारा, घोळक्यात कोणी बोलणार नाही: रात्री खोकला येतो का, छाती घट्ट होते का, आणि गुरुवारच्या सुट्टीला बरं वाटून शुक्रवारी रात्री परत सुरू होतं का. एकाने जरी हो म्हटलं तर त्याला उद्यापासून पीयूच्या बूथमध्ये पाठवू नका, हार्डनरच्या डब्याचा फोटो देऊन छातीच्या डॉक्टरकडे पाठवा.